घुशींची बिळं जोत्याखाली शिरलीत, विष घालायचं नाही. सुरुवात कुठून करू?

सुरणवाली
चिपळूणजवळ बैठं कौलारू घर, मागे चार-पाच गुंठ्यांचं परस. सुरण, अळकुड्या, रताळी आणि काही माड. न्हाणीच्या मागच्या भिंतीलगत बिळं पडलीत. मूठ सहज आत जाईल एवढी तोंडं, बाहेर भुसभुशीत मातीचा ढीग. रताळ्याचा वेल वर हिरवागार आणि खाली नुसतं साल. एक बीळ आता जोत्याखाली गेलंय, न्हाणीची फरशी एका कोपऱ्यात पोकळ वाजते. शहाळी देठाजवळ भोक पडून गळतात. माळ्यावर रात्री धाडधाड पावलं वाजतात. पिंजरा लावला तर चिचुंद्र्याच सापडतात. घरात कुत्रा आणि मांजर आहे, परसात मुंगूस फिरतं, गव्हाणी घुबडही येतं, म्हणून विष नको. दुकानदार अल्ट्रासाऊंडचं यंत्र घ्या म्हणतो. घेऊ का?

माती_आणि_मुळं
यंत्र घेऊ नका. उंदीर त्या आवाजाला थोड्याच दिवसांत सरावतात, आणि तो आवाज भिंत किंवा मातीच्या पलीकडे जातच नाही. बिळातल्या घुशीला त्याचं काय?

तुमच्या एका प्रश्नात चार प्राणी आहेत. बिळं घुशीची. माडावरचा चोर वेगळा, तो सडपातळ घरउंदीर, शेपूट अंगापेक्षा लांब. जड अंगाची घूस माडाच्या शेंड्यापर्यंत जात नाही. माळ्यावरची पावलं जड असतील आणि कौलांवर किंवा माळ्यावर बिया असलेली विष्ठा दिसत असेल, तर ते उदमांजर. आणि चिचुंद्री उंदीरच नव्हे. ती झुरळं, किडे खाते. वास मारते एवढाच तिचा गुन्हा, पिंजऱ्यातून सोडून द्या.

आधी कोणती बिळं चालू आहेत ते पाहा. संध्याकाळी सगळी तोंडं मातीने हलकेच बुजवा. दगड घालू नका, पायाने ठोकू नका. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू, त्यांच्याशेजारी काठी रोवा. एका घुशीच्या बिळाला चार-पाच तोंडं असू शकतात, त्यामुळे बिळं मोजून घुशी मोजता येत नाहीत.

पिंजरा फसतो तो बहुतेक वेळा घाईने. घूस नव्या वस्तूला बिचकते. मोठ्या मापाचा पिंजरा घ्या, उंदराच्या छोट्या पिंजऱ्यात ती पुरती शिरत नाही आणि दार तिच्या पाठीवर पडून ती निसटते. मग त्या पिंजऱ्याकडे फिरकत नाही. भिंतीला समांतर, तिच्या रोजच्या वाटेवर ठेवा. दार तारेने उघडंच बांधून दोन-तीन रात्री आत नुसतं खाणं ठेवा: भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, सुकट किंवा कांदाभजी. खाणं संपायला लागलं की तार सोडा. आमिष आकड्याला घट्ट बांधा, नाहीतर अलगद काढून नेते. पिंजरा रोज उजाडल्यावर बघायचा, दिवसा बंद ठेवायचा, म्हणजे मुंगूस अडकणार नाही.

ओळंबा
मिस्त्रीकामाच्या बाजूने सांगतो. न्हाणीमागेच बिळं आहेत म्हणजे पहिला संशय सांडपाण्याच्या पाइपवर. जुन्या चिनीमातीच्या पाइपचे सांधे सुटलेले असतात, तिथून खरकटं पाणी मुरतं. घुशीला मऊ माती, पाणी आणि अन्न एकाच ठिकाणी मिळतं. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून न्हाणीत ओता. बिळाच्या तोंडाशी किंवा आजूबाजूला माती निळी ओली झाली तर सांधा गेलाय. तो तुकडा काढून 110 मिमीचा पीव्हीसी टाका. चेंबरचं झाकण फुटलेलं असेल तर बदला. शोषखड्ड्याच्या हवेच्या पाइपला वरून जाळी बांधा.

हे केल्याशिवाय बीळ बुजवण्यात अर्थ नाही. आणि घूस आत असताना तर मुळीच बुजवू नका. ती दुसरीकडून उकरून निघते, आणि ते दुसरीकडे म्हणजे तुमची न्हाणी असू शकते. दोन-तीन रात्री एकही तोंड उकरलं गेलं नाही, मगच काम काढा.

पोकळ वाजणारा कोपरा फोडावा लागेल, इलाज नाही. वरून सिमेंटचं पाणी ओतून पोकळी भरत नाही, ते वाटेत कुठेतरी मुरतं. फरशी काढा, सुटी माती उपसा, मुरूम 15 सेंमीच्या थरांनी, पाणी मारत धुम्मसने ठोका. त्यावर 1:4:8 (सिमेंट, वाळू, खडी) चा कोबा, मग फरशी. बाहेरून भिंतीलगत 75 सेंमी रुंद, 10 सेंमी जाड काँक्रीटची पट्टी करा, प्रमाण 1:2:4, उतार भिंतीपासून बाहेर. पट्टीच्या बाहेरच्या कडेला चर खणून वेल्डेड जाळी 45 सेंमी खोल उभी सोडा आणि तळाशी 30 सेंमी बाहेरच्या बाजूला वळवा. घूस कडेशी खणते, जाळी लागली की कडेनेच पुढे सरकते. मागे सरून लांबून खणायला सुरुवात करावी हे तिला सहसा सुचत नाही.

जाळी अर्ध्या इंचाची. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी चालत नाही, ती तार दातांनी तुटते आणि कोकणातल्या ओल्या मातीत लवकर गंजते. पाइप भिंतीतून जातो त्या फटीत फोम भरू नका, तासाभरात कुरतडतात. स्टीलची घासणी दाबून बसवा, वरून 1:3 (सिमेंट, वाळू) गिलावा. ओला गिलावा पहिल्याच रात्री उकरला जातो, म्हणून त्यावर शहाबादीचा तुकडा टेकवून दगड लावून ठेवा. आठवडाभर पाणी मारा.

बागायतदार_६७
एवढा खटाटोप कशाला? शेतात वापरतात त्या गोळ्या बिळात टाकायच्या, तोंड लिंपायचं. दुसऱ्या दिवशी विषय संपला.

माती_आणि_मुळं
त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या. ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. हे बीळ जोत्याखाली आहे आणि वर फरशी पोकळ आहे, तो वायू फटीतून थेट न्हाणीत आणि तिथून झोपायच्या खोलीत. अशाने घरातली माणसं दगावलेली आहेत. यावर उतारा नाही. वापरही सर्वांना खुला नाही, शासकीय देखरेखीखाली किंवा मान्यताप्राप्त कीटकनियंत्रकानेच करायचा असतो. घराच्या आसपास हा सल्ला कुणालाही देऊ नये, स्पष्टच बोलतो.

बागायतदार_६७
बरं, गोळ्या सोडा. पण ब्रोमाडायोलोन या उंदराच्या विषाची वडी तर घरगुती आहे? पिंजऱ्याने एक जाईल, बाकीच्या?

माती_आणि_मुळं
प्रश्न रास्त आहे. 0.005 टक्क्यांची वडी घरगुती वापरासाठीच मिळते, आणि उतारा म्हणून व्हिटॅमिन के-1 आहे. अडचण घुबडाची. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस किंवा जास्तही फिरतो, सुस्तावतो, आणि सुस्त उंदीर घुबडाला आधी सापडतो. औषध घुबडाच्या यकृतात साठत जातं. झिंक फॉस्फाईड या दुसऱ्या उंदीरविषात हा धोका कमी, पण कुत्र्याने आमिषच खाल्लं तर उतारा नाही. शिवाय थोडं खाऊन पोट बिघडलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. या परसात दोन्ही बसत नाहीत. ज्यांच्याकडे कुत्रा-मांजर आणि घुबड नाही त्यांनी वडी 110 मिमी पाइपच्या दोन फुटी तुकड्यात तारेने बांधून भिंतीलगत ठेवावी, मोकळी टाकू नये. मेलेले उंदीर रोज शोधून हातभर खोल पुरायचे.

पिकलेल्या कंदांची काढणी वेळेवर करा. शिजलेलं अन्न खतखड्ड्यात घालू नका. ओला कचरा घट्ट झाकणाच्या पिंपात, पिंपाखाली तीच अर्ध्या इंची जाळी. कुत्र्याचं ताट रात्री आत. लाकडांची रास जमिनीपासून हातभर उंच आणि भिंतीपासून सुटी. माडाला जमिनीपासून 2 मीटर उंचीवर 40 सेंमी रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. मात्र शेजारच्या झाडाची फांदी किंवा दुसऱ्या माडाची झावळी लागत असेल तर उंदीर वरूनच येतो, पत्रा शोभेपुरता उरतो.

रानवाट
उदमांजराबद्दल: ते कायद्याने संरक्षित आहे, मुंगूसही. पकडायचं नाही, मारायचं नाही. वाट शोधा, बहुधा वाशाच्या टोकाशी सरकलेलं कौल किंवा छपरावर टेकलेली आंब्याची फांदी. फांदी छाटा. वाटेपाशी राख पसरा, बाहेर जाणारी पावलं उमटली की अंधार पडल्यावर तासाभराने वाट बंद करा. त्याआधी माळ्यावर पिल्लं नाहीत ना, हे दिवसा टॉर्च लावून पाहा. असतील तर ती मोठी होऊन स्वतः बाहेर पडेपर्यंत थांबावंच लागेल.

बिळात धामण दिसली तर तिला हुसकू नका, ती तुमचंच काम करतेय. नाग किंवा घोणस वाटला तर हात घालू नका, वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावा. कार्बोलिक अॅसिड आणि डांबरगोळ्यांनी साप जात नाहीत. चिकटपट्टीचे सापळे परसात अजिबात नकोत, त्यावर साप, सरडे, दयाळ असे सगळे चिकटून हाल होऊन मरतात.

सुरणवाली
नीळ ओतून पाहिली. बिळाच्या तोंडाशी माती निळी झाली. काम पावसाआधी व्हायला हवं ना? आणि बिळाची माती हाताने उपसली तर चालेल?

ओळंबा
मे संपायच्या आत पट्टी होऊ द्या. पाऊस लागला की परसातली बिळं भरतात आणि सगळ्या घुशी कोरड्या जोत्याकडे येतात. शिवाय ओल्या चरात जाळी नीट बसत नाही. पाइप मात्र या आठवड्यातच.

माती_आणि_मुळं
उघड्या हाताने नको. घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो, पायाला चीर असली तरी पुरते. रबरी हातमोजे, गुडघाभर बूट, उपसण्याआधी माती ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून घ्या म्हणजे धूळ उडणार नाही. पिंजराही त्याच पाण्याने धुवा आणि उन्हात ठेवा. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना घुशीच्या बिळात काम केल्याचं आधी सांगा, ते विचारतीलच असं नाही.