मेफ्लायची दुसरी कात: उपयोगाची की नुसती उरलेली?

प्रवाह
पंख फुटून उडता येऊ लागल्यावर पुन्हा कात टाकणारा आजचा एकमेव कीटकगण म्हणजे मेफ्लाय. पाण्यातले अर्भक पृष्ठभागावर येते, त्यातून धुरकट पंखांचा उपप्रौढ बाहेर पडतो आणि काठावरच्या झाडोऱ्यात बसून, काही जातींत मिनिटांत तर काहींत एक-दोन दिवसांत, पंखांवरचीही कात उतरवून चकचकीत पंखांचा प्रौढ होतो. माझ्या मते ही अवस्था गरजेपोटी टिकलेली नाही. तो पुराजीव काळाचा, म्हणजे डायनासोरांच्याही आधीच्या प्राचीन युगाचा, वारसा आहे. त्या काळचे कीटक पंख आल्यावरही अनेकदा कात टाकत, अशी मांडणी कीटकांच्या जीवाश्मांच्या अभ्यासक यार्मिला कुकालोव्हा-पेक यांनी १९७८ साली जीवाश्मांच्या आधारे केली होती. ज्याला खाता येत नाही आणि ज्याचे आयुष्य बहुधा तासांतच मोजायचे, त्याने असा वेळ दवडण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

शंकासूर
त्या जीवाश्मांचा अर्थ सर्वमान्य नाही, हे आधी नोंदवतो. शिवाय वारसा म्हटल्याने प्रश्न संपत नाही. पंखावरची कात उतरवायची तर पंखात जिवंत पेशींचा थर शाबूत ठेवावा लागतो. बाकी सर्व कीटकांनी हा भार सोडून दिला असताना मेफ्लायनेच तो कोट्यवधी वर्षे का वाहावा? उपप्रौढाच्या पंखांवर पाणी झटकून टाकणारे सूक्ष्म केस असतात. मासे टपलेले असताना पाण्याच्या पृष्ठभागावरून न भिजता उठायचे, तर त्यांचा उपयोग उघड आहे. नराचे पुढचे पाय आणि शेपटीचे तंतू तर या दुसऱ्या कातीनंतरच पुरते लांबतात, आणि हवेत मादीला खालून धरायला त्याला तेच पाय लागतात.

प्रवाह
कॅडिसफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या, पतंगासारख्या कीटकाच्या अनेक जातीही पाण्याच्या पृष्ठभागावरच पंख उघडतात, पण त्यांना उपप्रौढ अवस्था लागत नाही.

शंकासूर
लागत नाही, कारण त्यांच्या पंखांवर केस कायमचेच असतात. मेफ्लायच्या नरांना थव्यात वर-खाली नाचत मादीची वाट पाहायची असते. भिजू न देणारा पंख आणि नाचाचा पंख एकाच कातीत बसत नसेल, तर दोन काती असण्यात नवल काय?

काठावरचा
आपण दोघेही हंगेरीतल्या टिसा नदीचे उदाहरण विसरता आहात. तिथली पालिंजेनिया लाँगिकाउडा ही मेफ्लायची जात सुमारे तीन वर्षे काठाच्या चिकणमातीत बिळे करून राहते आणि जूनच्या सुमारास थव्यांनी बाहेर पडते. तिचा नर काठावर जाऊन पुन्हा कात टाकतो. मादी मात्र टाकतच नाही, उपप्रौढ असतानाच तिचे मीलन होते आणि ती अंडीही घालते. जिथे दुसऱ्या कातीवाचून अडत नाही तिथे ती गळून पडते, याचा अर्थ हा वारसा मोडता न येणारा नाही. माझ्या लेखी हा मुद्दा शंकासूर यांच्या बाजूचा आहे.

प्रवाह
मादी टाकत नाही, हे मान्य. पण त्याच न्यायाने क्लोइऑन डिप्टेरम या मेफ्लायच्या दुसऱ्या जातीचे काय करायचे? तिची मादी फलित अंडी पोटातच वाढवत दहा-बारा दिवस किंवा त्याहूनही अधिक जगते, नरासारखे लांब पाय तिला नकोत, थव्यात नाचायचे नाही, तरीही ती दुसरी कात टाकतेच. केस असलेले पंख तिने तसेच ठेवले असते तर नेमके काय बिघडले असते, हे शंकासूर यांनी सांगावे.