बेंचवर कोणी हौसेने बसत नाही

‘बेंचवरच्या लोकांना फुकट पगार का द्यायचा?’ असं काही जण विचारतात. आयटी कंपनीत पगार चालू पण हाती प्रोजेक्ट नाही, त्याला बेंच म्हणतात. हा प्रश्न मला अजिबात पटला नाही. क्लायंटने प्रोजेक्ट बंद केला किंवा बजेट कापलं की माणूस बेंचवर येतो. नवीन कामं आणणं ही सेल्सची आणि मॅनेजमेंटची जबाबदारी, त्यात डेव्हलपरचा काय दोष?

टीसीएसने जून 2025 मध्ये नियम केला: वर्षात 225 दिवस बिलेबल, म्हणजे क्लायंटकडून पैसे मिळतील अशा कामाचे हवेत, बेंचवर जास्तीत जास्त 35 दिवस. पुढच्याच महिन्यात सुमारे 12,000 जणांना कमी करणार असल्याचं जाहीर झालं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. पंधरा-वीस वर्षं घासलेल्या, डोक्यावर गृहकर्ज असलेल्या माणसाने 35 दिवसांत नवं काही शिकून प्रोजेक्ट मिळवायचा?

मी हिंजवडीत दुसऱ्या एका कंपनीत होतो. बेंचवर असताना रोज सकाळी आरएमजीला, म्हणजे माणसांना प्रोजेक्टवर नेमणाऱ्या विभागाला, मेल टाकायचो. माझा अनुभव जावाचा, समोर ठेवला मेनफ्रेम सपोर्ट, म्हणजे वेगळ्याच तंत्रज्ञानाच्या मोठ्या संगणकांची देखभाल, तीही रात्रपाळीची. नाही म्हटल्यावर ‘नकार दिला’ अशी नोंद झाली. मग एचआरने खोलीत बोलावून ‘स्वतःहून’ राजीनामा द्यायला सांगितलं. मी दिला, आणि त्याचा आजही राग येतो.

कोणावर ही वेळ आली असेल तर त्या खोलीत बसून राजीनाम्याची मेल पाठवू नका. काढायचं कारण लेखी मागा. एकदा राजीनामा गेला की कागदोपत्री ती कपात उरतच नाही, आणि भरपाई मागणं फार अवघड होऊन बसतं.