सल्ला हवा: टर्कीची शिकार, डोंगर, माळ की दलदल, कुठे कसं बसायचं?

पायवाट:
पिट्सबर्गजवळ राहतो. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स निघालं. येत्या वसंतात इथल्या डोंगरात बसायचं आहे, जमलं तर टेक्सास आणि फ्लोरिडालाही एकेक फेरी. बंदूक अजून घेतलेली नाही. प्रश्न तीन: जमीन बदलली की पद्धत किती बदलते? बंदूक १२ गेजची (जाड नळीची) की २० ची? आणि एच-१बीवर बंदूक बाळगता येते का? ('शिकार करावी का' या वादासाठी कृपया वेगळा धागा काढा.)

सोंडकरी:
तिसरा प्रश्न आधी, कारण तिथे चूक महागात पडते. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना फेडरल कायद्यानं बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. शिकारीचं चालू लायसन्स हा त्यातला अपवाद. म्हणजे लायसन्सची मुदत संपली की कपाटात पडून असलेली बंदूकही बेकायदा. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स ३० जूनला संपतं, तेव्हा नवं त्याआधीच काढून ठेवा. ग्रीन कार्ड आलं की ही भानगड नाही.

आता डोंगर. तुमच्याकडची ईस्टर्न जात. सह्याद्रीत फिरला असाल तर धार, सोंड, घळ हे शब्द इथे जसेच्या तसे कामाला येतील. आदल्या संध्याकाळी अंधारताना घुबडाचा आवाज काढा. झाडावर चढलेला नर न राहवून 'गॉबल' करतो. रातथारा (रात्री बसायचं झाड) कळला की गुपचूप परत फिरा. पहाटे उजाडायच्या तासभर आधी त्या झाडापासून १००-१५० यार्डांवर बसा, त्याच पातळीवर किंवा जरा वर. उताराखालून मादीच्या आवाजात बोलावलेला नर सहसा उतरत नाही. मध्ये ओढा, तारेचं कुंपण किंवा काटेरी जाळी असेल तर तो पलीकडेच येरझाऱ्या घालत राहतो आणि आपल्याला वाटतं आपला आवाज चुकला.

ऐन माथ्यावर बसू नका. माथ्यापासून ३० यार्ड मागे बसा, म्हणजे त्याचं डोकं माथ्यावर दिसेल तेव्हाच तो टप्प्यात असेल. त्याला मादी दुरूनच 'दिसायला हवी होती' असं वाटलं की तो थांबतो, फुलतो आणि पुढे येत नाही. आणखी एक: मेमध्ये पानं फुटली की आवाज दबतो. लांब वाटणारा नर बराच जवळ निघतो. उठून पुढे सरकायच्या मोहात निम्म्या शिकारी फसतात.

मेस्किट:
टेक्सासचं गणित उलटं. बहुतेक जमीन खासगी, म्हणून आधी रँचमालकाशी बोलणं. रिओ ग्रांदे जातीला उंच झाडं मोजकीच मिळतात: नदीकाठचे पेकान, कॉटनवुड, लाइव्ह ओक. त्यामुळे कळप वर्षानुवर्षं त्याच झाडांवर येतो. त्या झाडांखाली बार काढला तर कळप जागाच सोडतो आणि मालक पुढल्या वर्षी फोन उचलत नाही. ३००-४०० यार्ड सरकून, झुडपातून कापलेल्या ज्या वाटेनं ते चरायला जातात तिच्या कडेला बसा. दुपारी गुरांच्या पाण्याच्या टाकीजवळ सावलीत.

वारा सुटला की तोंडातल्या डायफ्रॅम कॉलचा (पडद्याच्या शिट्टीचा) आवाज पोचत नाही, तिथे बॉक्स कॉल (घासून वाजवायची लाकडी डबी) बरा. तो ओला झाला की मुका होतो, म्हणून ब्रेडची प्लास्टिक पिशवी खिशात ठेवा. पिशवीत हात घालूनही वाजवता येतो. बसण्याआधी काठीनं जागा चाचपा. निवडुंग आणि रॅटलस्नेक दोन्ही तिथलेच रहिवासी.

ओलंपाऊल:
फ्लोरिडाची ओसिओला सायप्रसच्या दलदलीत, पाण्यावरच्या झाडांत झोपते. पाण्यात शिरू नका. उतरल्यावर ती कोणत्या कोरड्या काठावर किंवा गायरानावर येते ते आधी दोन सकाळी दुर्बिणीतून पाहा. नर ओरडतो कमी, गुपचूप येतो. तीन-चार तास न हलता बसायची तयारी हवी. गुडघ्यापर्यंतचे स्नेक बूट आणि डासांचा बंदोबस्त नसेल तर ते जमणार नाही. दक्षिण भागातला हंगाम मार्चच्या सुरुवातीलाच उघडतो, तेव्हा तुमची पहिली फेरी तीच ठरेल.

पायवाट:
कॉल किती वेळा द्यायचा? सगळ्या व्हिडिओंत माणसं अखंड वाजवत असतात.

सोंडकरी:
व्हिडिओत गप्प बसलेला माणूस कोण बघणार! निसर्गात मादी नराकडे जाते, आपण त्याला उलटं करायला सांगतोय. तो झाडावर असताना दोन-तीन हळू 'यल्प' (मादीची साद), बस्स. खाली उतरून उत्तर देत असेल तर आणखी कमी. गप्प झाला तर निघून गेला असं समजू नका, बहुतेकदा तो पायी येत असतो. घड्याळ लावून ४० मिनिटं थांबा.

छर्रा:
२० गेज, टंगस्टनचे ९ नंबर छर्रे, फुल चोक (नळीच्या तोंडाशी बसवायचं, छर्रे एकवटणारं आवळण): हलकी आणि पुरेशी. पण ही काडतुसं फार महाग. स्वस्त शिसं हवं असेल तर १२ गेज आणि ५ नंबर. काहीही घ्या, कागदावर झाडून पाहा. ४० यार्डांवर १० इंची वर्तुळात १०० च्या आसपास छर्रे बसले तर ४० यार्ड तुमचे. नाही बसले तर चोक बदला, नाहीतर अंतर ३० वर आणा. मग १० यार्डांवरही एक झाडा: सगळे छर्रे मुठीएवढ्या भोकात जातील. जवळचा पक्षी का चुकतो ते तिथे कळतं. दुसरं कारण, उत्साहात गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि बार डोक्यावरून जातो.

नेम पिसं संपून लाल कातडी सुरू होते तिथे. फुललेल्या नरावर बार नको, मान आत ओढलेली असते. कॉलवर एक तुटक 'क्लक' द्या, मान वर येईल. छातीवर तर कधीच नको, पक्षी जखमी होऊन जातो.

मेस्किट:
+१. आणि अंगावर लाल, पांढरा, निळा रंग कुठेही नको, नाक पुसायचा रुमालसुद्धा. नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. पाठीशी खांद्यांहून रुंद बुंधा. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, सरळ मोठ्यानं बोला. टर्कीच्या आवाजामागे दबकत जाणं तुमच्या राज्यात बेकायदाच आहे. सार्वजनिक जंगलात फुललेल्या नराचा डिकॉय (नकली पक्षी) लावू नका. मादी आणि जेक (कोवळा नर) पुरे, १५-२० यार्डांवर, जेकचं तोंड तुमच्याकडे. नर त्याच्या समोर यायला बघतो, म्हणजे तुमच्या बाजूला.

फोडणी:
छाती वेगळी, तंगड्या वेगळ्या. छाती रात्रभर मिठाच्या पाण्यात, लिटरला ५० ग्रॅम, आणि आतून ७४ अंश सेल्सियसला उतरवा. तंगड्यांत ताठ शिरा असतात, त्या भाजून चावत नाहीत. कुकरला तासभर, मग मटणासारखा रस्सा. छर्रे बोटांनी चाचपून काढा, दाताला लागले की दात जातो. साफ करताना गळ्याखालची दाण्याची पिशवी फेकण्याआधी उघडून पाहा. क्लोव्हर निघाला तर पुढच्या वेळी कुरणाची कड, ओकची जुनी फळं निघाली तर धारेवरचं जंगल. मात्र दुसऱ्या पक्ष्याचं लायसन्स पेनसिल्व्हेनियात हंगाम उघडायच्या आधीच घ्यावं लागतं.