फुकट राबून मिळतं काय?

वर विचारलंय ना, इतकी वर्षं टेकडीवर पाणी अडवायला चर खोदत फुकट राबून तुम्हाला मिळतं काय, तर भाऊ, लहानपणी माय उन्हाळ्यात पांझरा नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खोदून वाटी वाटीने हंडा भरायची ते बघितलंय मी, तेच कारण. नंतर आमच्याच साक्री तालुक्यातलं (धुळे जिल्हा) बारीपाडा गाव बघितलं, चैत्राम पवारांनी गावाला सोबत घेऊन नव्वदच्या दशकापासून जंगल राखलं, कुऱ्हाडबंदी केली, दंड लावला, पावसाचं पाणी मुरवायला चर खोदले आणि विहिरींना पाणी आलं. २०२५ ला पद्मश्री मिळाली त्यांना, पण मला जास्त भारी वाटतं ते सगळा पाडा राबला याचं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही पण टिकाव-फावडं घेऊन टेकडीवर, ऊन तापायच्या आत. गेल्या पावसाळ्यात चर तुडुंब भरले, रात्रीच टॉर्च घेऊन बघायला गेलो.