दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर महिन्याभराने पोर्टला गाठ: ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेमकं काय तपासायचं?

ओटी_इन्चार्ज
तालुक्याच्या ठिकाणचं ३० खाटांचं सर्जिकल हॉस्पिटल. लॅपरोस्कोपी (दुर्बिणीचं ऑपरेशन) झालेले काही पेशंट तीन-चार आठवड्यांनी परत येतायत. टाके आधी छान भरलेले असतात, मग नाभीजवळच्या पोर्टला (दुर्बीण आत घालायच्या छेदाला) गाठ येते आणि फुटून पातळ पाणी वाहतं. ताप नाही. पस कल्चर ‘नो ग्रोथ’, नेहमीच्या अँटिबायोटिक्सचा उपयोग शून्य. हँड इन्स्ट्रुमेंट्स दोन केसच्या मध्ये २० मिनिटं सायडेक्समध्ये (२ टक्के ग्लुटराल्डिहाइडचं जंतुनाशक द्रावण) ठेवून, उकळून गार केलेल्या पाण्यातून काढतो. दर शनिवारी फॉर्मॅलिन फ्युमिगेशन (खोलीत जंतुनाशक धूर सोडणं) होतं, ओटीचे स्वॅबही निगेटिव्ह आहेत. फ्युमिगेशन आठवड्यातून दोनदा करावं का?

पेट्रीडिश
नको. फॉर्मॅलिनचा त्रास फक्त स्टाफला होईल, कारण हे हवेतून आलेलं वाटत नाही. उशिरा येणारी गाठ, ताप नाही, साधं कल्चर कोरं, हे चित्र झपाट्याने वाढणाऱ्या नॉन-टीबी मायकोबॅक्टेरियाचं आहे: चेलोनी, अॅबसेसस, फॉर्च्युइटम. हे पाण्यात राहणारे जंतू.

कल्चर कोरं येतं कारण प्लेट ४८ तासांनी फेकली जाते. ‘झपाट्याने’ म्हटलं तरी यांना आठवडाभर लागू शकतो. लॅबला आधी फोन करून सांगा: झेड-एन स्टेन (मायकोबॅक्टेरिया दिसण्यासाठीचा रंग) करा, एक प्लेट ३७ अंशांवर आणि एक ३० वर ठेवा (चेलोनीला थंड मानवतं), किमान ७ दिवस बघा. स्वॅब पाठवू नका. सुईने ओढलेला पस किंवा गाठीचा तुकडा पाठवा, आणि तुकडा सलाइनमध्ये. सवयीने सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर कल्चर संपलं.

त्या स्टेनमध्ये एएफबी (टीबीसारखे दिसणारे जंतू) दिसले म्हणून लगेच टीबीची औषधं सुरू होतात, तेही टाळा. चेलोनी आणि अॅबसेससवर त्यांचा उपयोग होत नाही. सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आलं तरी हे जंतू नाहीत असं ठरत नाही.

सीएसएसडी_कट्टा
सिस्टर, तुमच्या वर्णनात दोन भोकं आहेत.

पहिलं, २० मिनिटं. २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये एवढ्या वेळात हाय लेव्हल डिसइन्फेक्शन होतं, म्हणजे बहुतेक जंतू मरतात, सगळे नाही. निर्जंतुकीकरणाला १० तास लागतात. पोटात जाणाऱ्या अवजाराला निर्जंतुकीकरणच हवं. शिवाय या जंतूंच्या काही जाती या रसायनाला दाद देत नाहीत. २००४ नंतर ब्राझीलमध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर जी मोठी साथ आली, तिच्यातला अॅबसेसस २ टक्क्यांतही टिकत होता. त्यात ओली अवजारं बुडवून द्रावण रोज पातळ होतं. ‘१४ दिवस चालतं’ ही वरची मर्यादा आहे. टेस्ट स्ट्रिप रोज वापरण्याआधी बुडवायची, नापास झाली तर तिसऱ्या दिवशीही ओतून द्यायचं.

दुसरं, धुण्याचं पाणी. उकळताना जंतू मरतात, पण उघडं पातेलं, पाणी काढायचा मग्गा आणि टब असा प्रवास करून ते पाणी पुन्हा दूषित होतं. आरओचं पाणीही निर्जंतुक नसतं. ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेलं) पाणीच घ्या, दर सेटला नवीन.

आणि या दोन्हींच्या आधीची गोष्ट: अवजार सुटं करता का? हँडल, शीथ, इन्सर्ट वेगळे. ट्रोकारचा (पोटात घालायच्या नळीचा) वॉशर आणि व्हॉल्व्ह काढलेला, स्टॉपकॉक उघडा. केस संपताच ल्युमेनमधून (आतल्या पोकळीतून) सिरिंजने पाणी मारा, रक्त वाळू देऊ नका. मग एन्झायमॅटिक क्लीनर, लेबलवरच्या मापाने, कोमट पाण्यात. ब्रश पाण्याखालीच फिरवायचा, नाहीतर तोंडावर उडतं. ग्लुटराल्डिहाइड प्रथिनं गोठवतं. राहिलेलं रक्त ते आतच पक्कं बसवतं आणि जंतू त्याखाली सुखरूप राहतात.

यानंतर शक्य ते सगळं ऑटोक्लेव्हला. उभा, व्हॅक्यूम नसलेला ऑटोक्लेव्ह असेल तर लांब नळीत हवा अडकते आणि वाफ आत पोचत नाही. म्हणून सुटे भागच लावा, १२१ अंशांवर ३० मिनिटं, वाफ पोचली का ते दाखवणारा इंडिकेटर पॅकच्या आत. बाहेरची टेप काळी झाली म्हणजे पॅक उष्णतेतून गेलं, एवढंच. आठवड्याला एकदा स्पोअर टेस्ट (चिवट जंतुबीजं मरतात का ते बघणारी).

ओटी_इन्चार्ज
सेट एकच आहे आणि दिवसाला चार केस. टेलिस्कोप, केबलचं काय करायचं?

सीएसएसडी_कट्टा
खरं दुखणं हेच. फ्युमिगेशनचा खर्च दुसऱ्या सेटकडे वळवा, तोवर केस कमी लावा. टेलिस्कोपवर ‘ऑटोक्लेव्हेबल’ कोरलेलं असेल तरच वाफ. नसेल तर ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्मा (हायड्रोजन पेरॉक्साइडचं मशीन). कॅमेरा हेडला निर्जंतुक स्लीव्ह. ईटीओनंतर वायू निघून जायला साधारण १२ तास धरा, म्हणजे त्याच दिवशी परत मिळणार नाही. प्लाझ्मा लवकर होतं, पण कापडी रॅप चालत नाही आणि अवजार पूर्ण कोरडं हवं. ल्युमेनमध्ये थेंबभर पाणी राहिलं तरी मशीन सायकल रद्द करतं.

पेट्रीडिश
आजपासून रजिस्टरमध्ये प्रत्येक पेशंटसमोर सेट, दिवसातला केस नंबर आणि द्रावणाची तारीख लिहा. आधीच्या पेशंटचीही यादी काढा. पहिल्या केसचे पेशंट सुटलेत आणि नंतरचेच सापडतायत असं दिसलं, तर दोष दोन केसच्या मधल्या त्या टबात आहे.