पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत मासे सोडून मटणावर यायचं? मला मान्य नाही

खाडीकाठ :
माणदेशी यांनी गेल्या आठवड्यात इथे लिहिलं, ‘१ जून ते ३१ जुलै कोणीही मासे विकत घेऊ नयेत, सरळ मटण-चिकन खावं. तसंही घरी मासे करायचे म्हणजे काटे, वास आणि कटकट.’ गप्प बसायचं ठरवलं होतं. पण खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग पाहिली आणि राहवलं नाही. तिथल्या गर्दीत उत्तर हरवेल म्हणून वेगळा धागा काढतोय.

बंदी माशांवर नाही हो, यांत्रिक बोटींवर आहे. बिनयंत्राची होडी, खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारा माणूस, ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवं काढणाऱ्या बाया, यांना ती लागू नाही. हे लोक त्या दोन महिन्यांत जे आणतात तेच आमचं पावसाळ्याचं जेवण. बोय, पालू, खरबी, निवट्या, चिंबोऱ्या. रायगडात तळ्यातला जिताडा. यातलं काहीही ट्रॉलरने आणलेलं नसतं. तुमच्या सांगण्यावरून सगळ्यांनी जूनपासून मटणाच्या दुकानापुढे रांग लावली, तर मार त्या चिखलात उतरणाऱ्या बाईला बसेल. ट्रॉलरवाल्याचं काय बिघडणार? त्याची बोट शाकारून किनाऱ्यावर उभीच आहे.

दुसरं, सुकी मासळी. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या, करंदी मे महिन्यातच डब्यांत भरून ठेवायची पद्धत का पडली? समुद्र बंद होणार हे घराघरात माहीत होतं म्हणून. सरकारी आदेश नंतर आले. सुका जवळा सुपात पाखडून कचरा-वाळू काढायची, कोरडाच भाजायचा, वास घरभर सुटला की पाण्यातून झटकन काढायचा, कांद्यावर परतून वर कोकम. भाकरीबरोबर हे ज्याने पोटभर खाल्लंय तो ‘दोन महिने मटणच’ असं म्हणणार नाही.

खरा अपराध वेगळाच आहे. जुलैत दुकानात मांडलेलं मोठं पापलेट आणि सुरमई. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, ती उठली की तिकडचा माल बर्फातून इकडे येतो, नाहीतर कोल्ड स्टोरेजमधला जुना माल बाहेर निघतो. पापलेटाचे कल्ले दाबून बघा. पांढरं पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर उचलू नका. जुलैत बहुतेक वेळा तांबूसच येतं. तरी ‘ताजं’ म्हणून किलोला हजाराच्या वर मोजून लोक घेतात. अडवायचं तर हे अडवा.

आणि कटकट! माशाच्या मांसात जोडणारे तंतू थोडे आणि नाजूक, म्हणून तुकडा दहा मिनिटांत शिजतो. मटणाचे चिवट तंतू विरघळायला तास जातो नाहीतर कुकरच्या शिट्ट्या. वासाचं म्हणाल तर तो मासा शिळा होत गेला की वाढतो. ताज्या माशाला समुद्राचाच काय तो वास.

माणदेशी :
पोस्ट माझी आहे, तेव्हा उत्तर देणं आलं. मी मासळीचा वैरी नाही. भिगवणला उजनीची मासळी मीही आवडीने खातो. पण तुम्ही खाडीकाठी वाढलात, तुम्हाला निवटी आणि बोय कळतात. सोलापूर-साताऱ्याकडच्या, पुण्यातल्या माणसाला बर्फावर ठेवलेलं सगळं सारखंच दिसतं. कुठलं खाडीतलं, कुठलं चोरून समुद्रात गेलेल्या बोटीचं, कुठलं आंध्रातलं, कोण सांगणार? विकणारा तर सगळ्यालाच ‘आजचंच’ म्हणतो. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात यावरून एवढा गदारोळ झाला की बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद करावी लागली. गोव्यात! जिथे मासे कळतात तिथे ही गत, तर आमचं काय?

मटणाला ही भानगड नाही. बोकड समोर टांगलेलं असतं, मांडी दाखवून ‘इथलं दे’ म्हणता येतं. आमच्याकडची शेळी बाभळीच्या शेंगा आणि बोरी-काट्यावर जगते, जिथे दुसरं काही पिकत नाही तिथे. धनगराच्या हातात रोख पैसा येतो. त्या पैशाची किंमत कालवंवालीच्या पैशाहून कमी का धरायची?

आणि पावसाळ्यातल्या कालवं-तिसऱ्या या शिंपल्यातल्या जिवांचं इतकं कौतुक नको. ते जीव पाणी गाळून खातात. पहिल्या पावसात शहराचं गटार, कारखान्यांचं सांडपाणी, शेतातली औषधं सगळं खाडीत उतरतं आणि त्यांच्या पोटात साठतं. मुलांना द्याल?

खाडीकाठ :
मुंबई-ठाण्याच्या खाडीतली तिसरी मी स्वतःही खात नाही, मुलांना देण्याचा प्रश्नच नाही. ते मान्य. पण सगळ्या खाड्यांना एकाच गटारात ढकलू नका. आचरा-देवगडकडची खाडी आणि कारखान्यांच्या पट्ट्यातली खाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सांजवारा :
दोघांचंही वाचलं. माशांच्या बाजूनेच बोलते, पण ‘दहा मिनिटांत शिजतो’ या वाक्याने डोकं फिरलं. शिजायला दहा मिनिटं, आणि त्याआधी? बोंबील घ्या. डोकं-पोट काढा, पर कापा, उभा चिरून मधला काटा अख्खा ओढून काढा, फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवा, पाणी निथळेपर्यंत थांबा, मग मीठ-मसाला, मग तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. त्यानंतर मोरी घासणं, विळी घासणं, खवले शोधत ओटा पुसणं, कचरा लगेच बाहेर नेणं. माझ्या सासरी हे सगळं बायकांनी केलं आणि बाजारातून पिशवी आणणाऱ्याने पहिली तुकडी खाऊन ‘मीठ कमी’ म्हटलं. मटण निदान खाटीक कापून देतो. ज्यांनी स्वतः विळीवर बसून मांदेली साफ केली नाही त्यांनी ‘कटकट कसली’ हे लिहू नये.

खाडीकाठ :
सांजवारा, आमच्या घरी साफ मीच करतो.

सांजवारा :
मग दहा मिनिटं लिहायला नको होतं.

तिरफळ :
कटकटीवरून आठवलं म्हणून लिहितो, अवांतर वाटलं तरी. भाड्याने घर शोधताना एका सोसायटीत सगळं ठरलं, अनामत रक्कम द्यायची वेळ आली आणि मालक म्हणाले, ‘चिकन कधीतरी चालेल, मासे नकोत, जिन्यात वास येतो.’ समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर! कोळीवाड्याला लागून इमारत, आणि कोळ्याने त्याच दारात जे आणायचं त्याला बंदी. लोक मटणाकडे वळतात ते चवीपायी नव्हे, शेजाऱ्याच्या नाकापायी. या धाग्याचा खरा विषय हा आहे.

माणदेशी :
तो विषय नाही. तुमचा राग समजतो, पण नवा धागा काढा.

निवटी :
एवढी यादी दिली आणि वलगणीचे मासे कसे विसरलात खाडीकाठ? पहिला दणकून पाऊस पडला की नदीतले मासे शेतात, ओढ्यात चढतात. रात्री बत्ती घेऊन बांधावर जायचं, पाण्यात खळबळ ऐकू आली की पाग. पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म. त्या चवीपुढे मटण, पापलेट सगळं झूठ.

माणदेशी :
झालं. याचीच वाट बघत होतो.

समुद्रातली बंदी कशासाठी? खवळलेल्या पाण्यात माणसं बुडू नयेत हे एक, आणि बऱ्याच माशांचा विणीचा काळ हे दुसरं. आणि तुम्ही सांगताय की अंडी घालायला वर चढलेला मासा, अंडी घालायच्या आधीच, गाबोळीसकट पकडून खाणं यापरता आनंद नाही! ट्रॉलरवाल्याला शिव्या आणि बांधावरच्या तुम्हाला माफी, असा कुठला न्याय? खाडीकाठ, याचं उत्तर द्या. नाहीतर आपण विचार करून मासे खातो हा आव तरी सोडा.

निवटी :
आवाज खाली. आमच्या आज्याच्या आज्यापासून वलगण चालत आली आणि मासे संपले नाहीत. संपायला लागले ते गेल्या वीस-तीस वर्षांत. नदीवर ठिकठिकाणी बंधारे बांधले, माशाला वर चढायला वाटच ठेवली नाही. डोहात ब्लीचिंग पावडर ओततात, तारा टाकून शॉक देतात, त्यात बोटाएवढं पिल्लूसुद्धा वाचत नाही. वाळू उपसून नदीचा तळ गेला, अंडी घालायला जागा उरली नाही. हे सगळं सोडून तुम्ही पागवाल्याच्या मानेवर बसलात. पाग टाकणारा एका जागी उभा असतो, बाकीचे मासे त्याच्या बाजूने निघून जातात.

आणि हे मासे खातं कोण? कातकरी पाड्यावर जा. ऐन जूनमध्ये घरात धान्य नसतं, मजुरी नसते, तेव्हा फुकट मिळणारं हेच कालवण असतं. त्याला सांगणार का, बाबा रे मटण आण?

माणदेशी :
कातकऱ्याला कोणी काही म्हटलेलं नाही, त्याच्या आडून बोलू नका. मी म्हणतोय ते शहरातून गाड्या काढून, हेडलाइट लावून, व्हिडिओ करत येणाऱ्यांबद्दल. पोतं भरून नेतात आणि घरी जाऊन वाटतात. ती वलगण तुमच्या आज्याची नव्हे.

निवटी :
त्यांच्या विरोधात मीही आहे. ते आधीच लिहिलं असतं तर एवढं बोलावं लागलं नसतं. आधी सरसकट झोडायचं आणि मग ‘मी म्हणतोय ते अमक्याबद्दल’. तुमची मूळ पोस्टही तशीच होती.

खाडीकाठ :
माझ्याकडे उत्तर मागितलंय म्हणून. निवटींचं बंधारे आणि ब्लीचिंगबद्दलचं शंभर टक्के खरं आहे. पण आता वाट अडलेल्या नदीत चढणारे मासे आधीच थोडे राहिलेत, तेव्हा पूर्वी चालत होतं म्हणून आजही पोतंभर चालेल असं म्हणता येत नाही. माझं मत असं की पहिल्या चढणीला हात लावू नये. पाणी ओसरताना परत उतरणारे मासे घ्यावेत, तोवर अंडी घालून झालेली असतात.

निवटी :
आणि गाबोळी? ती नसेल तर वलगण कसली? तुम्ही खाडीचे लोक, तुम्हाला नदीचं काय कळणार?

बोटवाला :
इतका वेळ वाचत होतो. आमची बोट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात असते. या बंदीत खलाशी गावी जातात, त्यातले बरेचसे नेपाळचे. बोट वर ओढायची, रंग काढायचा, जाळी विणायची, कर्जाचा हप्ता मात्र चालूच. आमच्यावर सगळे बोलतात म्हणून चार ओळी.

२०२३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. पापलेटाला राज्य मासा केलं, आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान धरायचा नाही, विकायचा नाही. आता सांगा, तळहातात मावेल एवढं पापलेट बाजारात येतं ते कोण घेतं? मोठं परवडत नाही म्हणून तुम्हीच घेता. ‘छोटं गोड लागतं’ म्हणता. गिऱ्हाईक आहे म्हणून जाळ्यात आलेलं परत सोडलं जात नाही. हे पाप जुलैचं नाही, ऑगस्ट ते मे आहे. दोन महिने मटण खाऊन उरलेले दहा महिने पापलेटाची पोरं खाल्लीत तर समुद्राला काय फरक पडला?

चिकनवाल्यांनाही सांगतो. लहान, मोडकी, विकली न जाणारी मासळी फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) कारखान्यात जाते आणि तिथून कोंबड्यांच्या, कोळंबीच्या खाद्यात. कोंबडी खाल्ली म्हणजे समुद्र सुटला असं नाही.

रात्री एलईडी दिव्यांच्या उजेडावर मासे ओढून धरणाऱ्यांबद्दल मी बोलायला लागलो तर इथे जागा पुरणार नाही. केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. रात्री समुद्रात उजेड दिसायचा थांबलाय का, ते कोणत्याही किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा.

माणदेशी :
कोंबडीच्या खाद्यात आता सोयाबीनची पेंड जास्त असते, फिशमील महाग पडतं. पण पापलेटाच्या पोरांचं तुमचं म्हणणं वर्मी लागलं. ते माझ्या पोस्टमध्ये हवं होतं. बंदीच्या तारखांवर एवढा जोर दिला, आकारावर एक ओळ नव्हती.

बाकी सुक्या मासळीपुरतं खाडीकाठ यांचं मान्य करतो, खाडीतल्या बोय-पालूंचंही, विकणारी ओळखीची असेल तर. जुलैतल्या पापलेट-सुरमईवर आपलं एकमत आहेच. वलगणीवर नाही, आणि होणारही नाही.

सांजवारा :
आणि साफसफाईवर?

माणदेशी :
ताई, मी मटण खातो. ते मीच धुतो, मीच शिजवतो.

निवटी :
माणदेशी, एकदा जूनमध्ये आमच्याकडे या. बंधारा दाखवतो, त्याच्या खाली भिंतीवर डोकं आपटत उड्या मारणारे मासे दाखवतो. मग ठरवा कोणाला अडवायचं ते. पाटबंधारे खात्याला त्या भिंतीत माशांसाठी वाट ठेवायला लावा, मी त्या वर्षी पाग घरी टांगून ठेवतो.

खाडीकाठ :
अर्ज मी लिहितो. बंधाऱ्याचं नाव आणि तालुका कळवा.