सहा वर्षांत ४६ टक्केच ग्रॅज्युएट?? हा आकडा वाचायचा कसा

निशिगंध_७:
मुलीला अमेरिकेत बॅचलर्स करायचंय. कॉलेज नॅव्हिगेटरवर (कॉलेजांची माहिती देणारी अमेरिकन सरकारची साइट) एका स्टेट युनिव्हर्सिटीचं पान उघडलं तर रिटेन्शन ७८ टक्के आणि ग्रॅज्युएशन रेट ४६. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं डिग्री न घेताच जातात की काय? आणि चार वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षं का मोजतात? हिची आई म्हणते नाव काट, मुलगी म्हणते मला हवा तो कोर्स तिथेच आहे, माझं मधल्यामधे सँडविच झालंय.

फाईलवाला:
दादा थांबा, लगेच काट मारू नका. मी एका कॉलेजात काही वर्षं हे आकडे सरकारला कळवायचे फॉर्म भरलेत. १९९० च्या स्टुडंट राइट-टू-नो कायद्यामुळे फेडरल (तिकडच्या केंद्र सरकारची) मदत घेणाऱ्या कॉलेजांना हा रेट सांगावाच लागतो आणि तो मोजायचा नेमून दिलेल्या वेळेच्या दीडपट, म्हणून चारचे सहा, कम्युनिटी कॉलेजला दोनचे तीन.
खरी गोम मोजतात कोणाला त्यात आहे. फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेली आणि फुलटाइम पोरं. जो दोन वर्षांनी दुसरीकडे ट्रान्सफर झाला तो जुन्या कॉलेजच्या खात्यात 'पूर्ण न केलेला' आणि नव्या कॉलेजात तर मोजणीतच नाही, तिकडे अगदी पहिला आला तरी. ओबामा दोन वर्षं ऑक्सिडेंटलला होते, मग कोलंबियात जाऊन १९८३ ला डिग्री घेतली. आजचा नियम लावला तर ऑक्सिडेंटलला ते ड्रॉपआउटमधे आणि कोलंबियाला हिशेबातच नाहीत, बोला आता!

मनीमाऊ:
ट्रान्सफर-आउटचा रेट वेगळा दिलेला असतो ना पण?

फाईलवाला:
असतो, पण ट्रान्सफरसाठी पोरं तयार करणं हे ज्यांचं कामच आहे त्यांनाच तो द्यावा लागतो, बाकीच्यांची मर्जी. म्हणून रिकामी जागा म्हणजे शून्य समजू नका. पार्टटाइम आणि ट्रान्सफर होऊन आलेले बघायचे तर आउटकम मेझर्स म्हणून वेगळा भाग आहे, आठ वर्षांपर्यंतचा.

कडूलिंब:
हे सगळं मान्य पण या नादात कॉलेजला फुकट सोडू नका हां. रिटेन्शन म्हणजे पहिल्या वर्षीची पोरं पुढच्या फॉलला (शरदातल्या सेमिस्टरला) परत आली का एवढंच, आणि ७८ म्हणजे शंभरातली २२ वर्षभरातच गायब. माझ्या भाच्याला दर सेमिस्टरला हवा तो क्लास फुल्ल सापडायचा, शेवटी एका कोर्सपायी अख्खं वर्ष जास्त थांबला. सहा वर्षांच्या रेटमधे तो 'यशस्वी' धरला गेला, पाचव्या वर्षाची फी मात्र बापाने भरली. त्यामुळे चार वर्षांचा रेट आधी बघा, त्याच पानावर खाली असतो.

निशिगंध_७:
बघितला. चार वर्षांचा २७, आणि ट्रान्सफर-आउटची जागा रिकामीच. खाली नॉनरेसिडेंटचा, म्हणजे परदेशी पोरांचा, वेगळा दिसतोय, तो ६७ आहे! हिच्यासाठी तोच धरू ना?

फाईलवाला:
धरा, पण त्या गटात पोरं किती ते आधी विचारा. सहाच असली तर एक गेला की जवळपास १७ टक्के खाली. ॲडमिशनवाल्यांना मेल टाका, त्या कोर्सची पोरं सरासरी किती सेमिस्टरमधे बाहेर पडतात म्हणून. गोलगोल उत्तर आलं की समजून जा.

निशिगंध_७:
मेल टाकलाय. हिच्या आईला अजून २७ सांगितलेलं नाही.